कीचक, अँटिगनी आणि एरंडोलचा भीम

पुराणकथेतून चालू राजकारण बोलण्याचे तंत्र मराठी रंगभूमीने इंग्रजी नाट्यशिक्षणातून उचलले, असे मत मांडले जाते; परंतु त्याचे मूळ खानदेशासारख्या प्रदेशांच्या स्थळकथांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. जळगाव जिल्ह्यातील एरंडोलला परंपरा महाभारतातील एकचक्रानगरी मानते आणि पद्मालयाच्या गणपतीजवळचे भीमकुंड हे बकासुराच्या वधाचे ठिकाण म्हणून दाखवले जाते. बंगालमधील बीरभूमही एकचक्रेवर हक्क सांगतो. तथापि येथे भूगोलाचा निवाडा गौण आहे, कारण महाभारत आपल्याच शिवारात घडले असे मानणाऱ्या प्रेक्षकाला ते आपल्या काळातही घडत असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये रुजवलेल्या पौराणिक नाटकाला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'कीचकवधा'त (१९०७) राजकीय धार दिली. सैरंध्री, म्हणजे विराटाघरी दासी म्हणून राहिलेली द्रौपदी, ही भारतमाता; कीचक हा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन; धीर धरा म्हणणारा कंकभट्ट, म्हणजे युधिष्ठिर, हा मवाळ आणि बल्लव झालेला भीम हा जहाल, असा अर्थ प्रेक्षकांनी लावला. महाभारतात कीचक नर्तनशाळेत मरतो. खाडिलकरांनी त्याचा वध देवळात घडवला आणि सूडाला धर्मकृत्याचे रूप आले.

त्याच काळात साम्राज्याच्या राजधानीत, लंडनमध्ये, ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या 'इडिपस'च्या प्रयोगाला लॉर्ड चेंबरलेनची, म्हणजे नाटकांना परवाना देणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याची, मनाई होती. आयर्लंडमध्ये त्याचा अंमल नसल्यामुळे ते नाटक डब्लिनच्या ॲबी नाट्यगृहात करण्याचे कवी येट्सने योजले, जे १९२६ मध्ये सिद्धीस गेले. १९१० मध्ये लंडनने 'इडिपस'ला परवाना दिला आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातली. एकाच साम्राज्याने ग्रीक राजाची शोकांतिका निरुपद्रवी आणि भीमाचा क्रोध घातक ठरवला, हा योगायोग बोलका आहे.

पुढे १९८४ मध्ये कवी टॉम पॉलिनने 'द रायट ॲक्ट' या नाटकात सोफोक्लीसच्याच अँटिगनीला उत्तर आयर्लंडच्या बोलीत आणले, तेव्हा भावाच्या अंत्यसंस्कारासाठी राजाची आज्ञा मोडणारी अँटिगनी आणि नमते घेणारी तिची बहीण इस्मीनी यांचा वाद भीम-युधिष्ठिरांच्याच वळणाने गेला. फरक इतकाच, की तेथे झगडणाऱ्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोघांपैकी कोणाचीच नसलेली कथा आयरिश नाटककारांनी ग्रीकांकडून उसनी आणली, तर खाडिलकरांची कथा प्रेक्षकांच्या घरचीच होती. त्यामुळेच तिचा रोख त्यांना भाष्यकाराविना कळला.