लोहाराचा छंद आणि पोलादाचे कोडे

इ. स. १७९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सन यांचा एक निबंध वाचला गेला. विषय होता ‘वुट्झ’ नावाचे पोलाद. ते मुंबईस तयार होते, असे निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. ते खरे नव्हते. मुंबईहून गेले होते ते फक्त नमुने. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ते पाठवले होते. पोलाद तयार होई ते दक्षिणेत, आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूतील खेड्यांत. कानडी-तेलुगूत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. त्याचेच साहेबी रूप म्हणजे वुट्झ, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसे. ती कोणी कोरलेली नसे, धातूच्या अंगातूनच ती उमटे. अशी पाती ‘दमास्कस’ या नावाने जगभर गाजली. नक्षी येते कशी, या कोड्यामागे युरोपातील शास्त्रज्ञ दीडशेहून अधिक वर्षे लागले होते. ते उलगडण्यात मोठा वाटा आहे तो अमेरिकेतल्या एका नालबंदाचा. ही हकीकत आपण शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

प्रथम मूळ कृती पाहू. भट्टीतून काढलेल्या लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत भरत. त्यांबरोबर तरवडाच्या लाकडाचे तुकडे घालत आणि वर रुईसारख्या झाडाची पाने ठेवत. मुशीचे तोंड मातीने बंद करून भात्याच्या वाऱ्यावर ती कित्येक तास तापवत. लाकडातील कार्बन लोखंडात शिरे, लोखंड वितळे आणि मूस सावकाश निवाली की पोलादाची लहानशी ढेप हाती येई. तीत कार्बनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असे. आजच्या साध्या बांधकामी पोलादापेक्षा हे पुष्कळच जास्त आहे.

पिअर्सननंतर या पोलादाकडे मायकेल फॅरडे वळले. विजेच्या धड्यात आपल्याला भेटणारे हेच ते फॅरडे. ते स्वतः लोहाराचे पुत्र. त्यांच्या सोबतीला जेम्स स्टोडार्ट हे सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे कारागीर होते. १८१९ ते १८२२ या काळात दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम असे नाना धातू मिसळून पाहिले. वुट्झचे गुण त्यातील अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉनच्या अंशांमुळे येतात, असा फॅरडे यांचा तर्क होता. तो टिकला नाही. पॅरिसमध्ये ब्रेआँ यांनी खरे कारण जास्तीचा कार्बन असल्याचे दाखवले. रशियात झ्लातोउस्त येथे पावेल अनोसोव यांनी १८३१ साली पोलादाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. धातूंच्या अंतर्रचनेचा अभ्यास अशा प्रयत्नांतून पुढे गेला. नक्षीचे कोडे मात्र पुरते सुटले नाही.

दरम्यान एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील मुशी थंडावत गेल्या. इंग्लंडचे स्वस्त पोलाद आले, कोळशासाठी जंगल मिळेनासे झाले. कृती बापाकडून मुलाकडे हातानेच जात होती. भट्टी विझली तशी तीही गेली. परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलेली वर्णने तेवढी उरली. ज्यांनी हे पोलाद केले त्यांपैकी कोणाचे नाव आपल्याला सांगता येत नाही.

आता विसाव्या शतकात येऊ. कारखान्यात सुऱ्यांचे ढीग पडू लागल्यावर ऐरणीवर पाते घडवण्याची गरज उरली नाही. तरीही अमेरिकेत काही माणसे हौसेने ते करीत राहिली. मेरीलँडचे विल्यम मोरन हे त्यांपैकी एक. वेगवेगळ्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव करायचे, घडी घालून पुन्हा ठोकायचे, शेवटी सौम्य आम्लाने धुऊन नक्षी उठवायची, ही जुनी रीत त्यांनी पुन्हा साधली. १९७३ साली सुरी-कारागिरांच्या प्रदर्शनात त्यांनी अशी पाती मांडली. त्याबरोबर ती कशी करावी हे सांगणारी पुस्तिका फुकट वाटली. एखाद्याने हे गुपित जन्मभर जपून पैसा केला असता. १९७६ साली मोरन आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन केली आणि पुढे शाळाही काढली. या संस्थेच्या परीक्षेत घडवलेल्या सुरीने टांगलेला दोर एका घावात तोडायचा, लाकडाची जाड पट्टी तोडायची आणि नंतर त्याच धारेने हातावरचे केस कापून दाखवायचे. शेवटी तेच पाते शेगड्यात धरून काटकोनात वाकवायचे. ते तुटून दोन झाले की विद्यार्थी नापास.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मोरन यांचे थरांचे पोलाद आणि आपले वुट्झ ही दोन्ही ‘दमास्कस’ म्हणून विकली जातात, पण ती एक नव्हेत. पहिल्यात नक्षी थरांची असते. दुसऱ्यात एकाच ढेपेतून ती आपोआप येते. ही दुसरी नक्षी साधण्याच्या मागे लागले फ्लॉरिडातील आल्फ्रेड पेंड्रे. घोड्यांना नाल ठोकणे हा त्यांचा धंदा. मुशीत पोलाद करून ठोकता ठोकता त्यांना कधी नक्षी मिळे, कधी मिळत नसे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन त्यांच्या जोडीला आले. एकाने घडवायचे, दुसऱ्याने कापून तपासायचे. बर्नच्या संग्रहालयातील जुन्या तलवारींचे तुकडेही त्यांनी पारखले.

१९९८ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष थोडक्यात असा. ढेप निवताना लोखंडाचे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात आणि काही अशुद्ध द्रव्ये फांद्यांमधल्या जागेत ढकलली जातात. ठोकल्यावर या जागा चपट्या थरांत बसतात. पाते पुन्हापुन्हा तापवून ठोकले की लोह-कार्बाइडचे कठीण कण नेमके याच थरांत वाढून ओळीने जमतात. तीच नक्षी. त्यासाठी लागणारे मुख्य द्रव्य व्हॅनेडियम, तेही दहा हजार भागांत एका भागाहून कमी! काही खनिजांत ते मुळातच असते. तसली खनिजे संपली, हे कला लोपण्याचे एक कारण असावे, असा या दोघांचा कयास आहे.

फॅरडे यांना हे सापडले नाही यात नवल नाही. स्वीडनचे सेफस्ट्रॉम यांनी व्हॅनेडियम पक्के ओळखले ते १८३० साली, तेही लोखंडातच.

या इतिहासातून आम्हांला एक गोष्ट जाणवते. फॅरडे-स्टोडार्ट आणि व्हरहोवन-पेंड्रे या दोन्ही जोड्यांत एक प्रयोगशाळेतला आणि एक ऐरणीवरचा माणूस होता. आपल्याकडे पोलाद करणारे हात होते, पण लिहिणाऱ्यांची जात वेगळी आणि ठोकणाऱ्यांची वेगळी. दोघे एका भट्टीशी बसले नाहीत. त्याची किंमत आपण मोजली आहे.

वर्गात याची सुरुवात एका सुईने करता येईल. शिवणाची सुई पकडीत धरून लालबुंद तापवावी आणि चटकन पाण्यात बुडवावी. कापडात धरून वाकवली तर ती कट्‌कन मोडते. दुसरी सुई तशीच तापवून सावकाश निवू द्यावी, ती तारेसारखी वाकते. कार्बन तोच, लोखंड तेच, फरक निवण्याच्या वेगाचा. ‘पाणी देणे’ म्हणजे काय ते मुलांना येथे कळेल. मग आठवडी बाजारात पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडे त्यांना न्यावे. विळ्याला पाणी देण्याआधी तो कोणता रंग पाहतो, त्या रंगाला काय म्हणतो, हे त्याच्या शब्दांत टिपून घ्यावे. वहीवर त्याचे नावही लिहावे.