बाकावर बसलेलं वऱ्हाड

आमच्या लहानपणी विदर्भ रणजीत हरला तर ती बातमीच नसायची. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या या संघाला पहिला करंडक मिळायला साठ वर्षं लागली. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये आपण दिल्लीला हरवलं, तेव्हा अमरावतीत मी घरात एकटाच नाचलो. पुढच्या वर्षी परत जिंकलो, २०२४-२५ ला तिसऱ्यांदा.

संघाचे दिवस पालटले. आमच्या पोट्ट्यांचे पालटले का?

अमरावतीचा जितेश शर्मा घ्या. २०१६ ला मुंबई इंडियन्सनं त्याला १० लाखांत घेतलं आणि बसवून ठेवलं. एकही सामना नाही. इकडे विदर्भाच्या रणजी संघात यष्टीमागे अक्षय वाडकर पक्का झाला. जितेशला आयपीएलचा पहिला सामना मिळाला २०२२ ला, पंजाबकडून, वयाच्या २८ व्या वर्षी. मग २७ मे २०२५ ला लखनौत, बंगळूरकडून २२८ धावांचा पाठलाग करताना ३३ चेंडूंत नाबाद ८५! त्याच वर्षी पठ्ठ्यानं विदर्भ सोडून बडोदा गाठलं.

वाडकरचा यात काय दोष? यष्टीमागे जागा एकच. माझा राग वेगळा आहे. हरणारा संघ नव्या पोराला खेळवत नाही, कारण अजून हरू. जिंकणारा खेळवत नाही, कारण घडी मोडेल. मग त्यानं खेळायचं कधी?

आज अकोला-अमरावतीच्या मैदानावर जो बारावा गडी पाण्याच्या बाटल्या नेतोय, त्याचं नाव तरी माहीत आहे का भाऊ आपल्याला?