त्रिकोणाचं तिसरं अक्षर

मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत 1901 आणि 1902 साली दोन खंडांत छापलेलं ‘रेखागणित’ चाळायला घेतलं, की पहिल्याच आकृतीपाशी अडखळायला होतं. एक रेषा, तिची दोन टोकं केंद्र धरून काढलेली दोन वर्तुळं, आणि ती एकमेकांना छेदतात त्या बिंदूपासून दोन्ही टोकांपर्यंत ओढलेल्या रेषा. कंपासपेटी हाती आलेलं कुठलंही पोर काढतं तो हा समभुज त्रिकोण. पण इथे त्याचं नाव आहे अबज. पायाची रेषा अब, माथ्याचा बिंदू ज. पुढच्या आकृत्यांत द येतो, ह येतो. आपल्या वर्णमालेत अ नंतर ब नाही आणि ब नंतर ज तर मुळीच नाही. मग सवाई जयसिंगाच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राटांसारख्या पंडिताने हा क्रम आणला कुठून?

उत्तर अरबीत आहे. अलिफ, बा, जीम, दाल. अरबी अक्षरांचा हा जुना क्रम, ज्याला अब्जद म्हणतात. जगन्नाथांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली ती ग्रीकवरून नव्हे, तर नसीरुद्दीन तूसीच्या 1248 च्या अरबी संस्करणावरून. आशय आला, त्यासोबत बिंदूंची नावंही जशीच्या तशी आली. आणि अरबांनी ती घेतली होती ग्रीकांकडून. बगदादमध्ये इसवी सन 800 च्या आसपास अल-हज्जाजने युक्लिडचा अनुवाद केला, तेव्हा ग्रीक आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा यांच्या जागी अलिफ, बा, जीम, दाल आपसूक बसले, कारण दोन्ही लिप्यांचं मूळ फिनिशियन. म्हणजे आमेर-जयपूरच्या पोथीतला तो ज हा अलेक्झांड्रियाचा गॅमा आहे.

आकृतीच्या कोपऱ्यांना अक्षरं देणं ही मुळात ग्रीक खोड. आपल्याकडे तिची गरज कुणाला भासली नव्हती. यज्ञवेदी आखण्याच्या शुल्बसूत्रांत दोरी आहे, खुंट्या आहेत, दिशा आहेत, अक्षर नाही. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त भुज, कोटी, कर्ण ही बाजूंचीच नावं आहेत, आणि हस्तलिखितांतल्या आकृत्यांत बाजूला लिहिलेला असतो तो आकडा. भुज 3, कोटी 4, तर कर्ण 5. एवढ्यावर काम भागतं. हे काही मागासलेपण नव्हे. गणित करायचं असेल तर आकडा पुरतो; सिद्धता द्यायची, ‘हा कोन त्या कोनाएवढा’ असं दहा पायऱ्यांनी दाखवायचं, तर प्रत्येक कोपऱ्याला हाक मारायला नाव लागतं.

ही अक्षरं इतकी चिवट, की गणिताचे इतिहासकार त्यांच्यावरून ग्रंथाचा माग काढतात. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, 1202 मध्ये आपला ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. पण त्याच्या अनेक आकृत्यांत एबीसीऐवजी ए, बी, जी, डी असा क्रम सापडतो. जी तिसरा दिसला, की समजायचं, माल अरबी किंवा ग्रीक पेठेतून आला आहे.

मग सी तिसरा कसा झाला? गॅमा इटलीत पोचला तो इट्रस्कन लोकांच्या हातून. त्यांच्या भाषेत ग आणि क असा भेदच नव्हता, त्यामुळे गॅमाच्या चिन्हाचा उच्चार क होऊ लागला आणि रोमनांनी ते सी म्हणून पुढे चालवलं. ग लिहायची पंचाईत झाली, तेव्हा त्याच सीला एक शेपूट जोडून जी बनवला आणि सातव्या जागी बसवला. थोडक्यात, जीम आणि सी हे चुलत भाऊ. एक बगदादमार्गे जयपूरला आला, दुसरा रोम-लंडनमार्गे मुंबईला.

मुंबईला आलेल्या भावाचं काय झालं, हे आपण रोज पाहतो. 1820 च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअर अधिकाऱ्याने शास्त्र्यांना हाताशी धरून हटनच्या इंग्रजी गणिताची मराठी पुस्तकं करून घेतली. मराठी शालेय भूमितीची सुरुवात साधारण तिथली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ‘समजा, अबक हा एक त्रिकोण आहे’ असं घोकलं. आता मराठी माध्यमाच्या पुस्तकांतही त्रिकोण रोमन एबीसीच असतो, आणि दहावीच्या त्रिकोणमितीत तर कोनात थेट ग्रीक थीटा येऊन बसतो. पण अबकड भूमितीतून बाहेर पडून सगळीकडे शिरलं आहे. शाळेत तुकडी अ, ब, क, ड. प्रश्नपत्रिकेत पर्याय अ, ब, क, ड. सरकारी नोकरीत गट-अ ते गट-ड. आवळ्यात जीवनसत्त्व क, उन्हामुळे मिळतं ते ड.

हे अबकड इंग्रजीतून आलं हे उघड आहे, असं कुणीही म्हणेल. पुरावा हवा असेल तर पिंपरी-चिंचवडला जा. महापालिकेची क्षेत्रीय कार्यालयं आहेत अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. आठ अक्षरं, नेमकी ए ते एच. कल्याण-डोंबिवलीला ही युक्ती थकलेली दिसते. तिथे अ, ब, क, ड यांच्या जोडीला जे प्रभाग आणि आय प्रभाग आहेत. बरोबरच आहे, इ आधीच ईने पळवला, मग आयला देवनागरी अक्षर द्यायचं कुठलं? तीच गत जीवनसत्त्वांची. क सीला देऊन टाकला, म्हणून केला ‘के’ म्हणूनच राहावं लागलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मला टोचतो तो तिसऱ्या अक्षराचा प्रश्न. सीला क का? इंग्रजी शिकलेला माणूस त्या अक्षराला ‘सी’ म्हणतो, म्हणजे स सुचायला हवा. राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या हिंदी प्रश्नपत्रिका बघा: अ, ब, स, द. त्यांना स सुचला, आपल्याला क. त्यांना द, आपल्याला ड.

माझी उपपत्ती अशी: आपल्या शास्त्रीमंडळींच्या जिभेवर ही अक्षरं आधीपासूनच होती. पंचांगातलं अवकहडा चक्र आठवा. बाळाचं नाव कुठल्या अक्षरावरून ठेवायचं, ते नक्षत्राच्या चरणावरून सांगणारं. कृत्तिकेपासून मोजायला लागलं की अ, मग व, क, ह, ड. उत्तरेत वचा ब होतो आणि तिकडे त्याला अबकहडा म्हणतात. मधला ह काढा. काय उरलं? अबकड. इंग्रजी पुस्तकातला एबीसीडीचा त्रिकोण शास्त्रीबुवांसमोर आला, तेव्हा सीला क की स, डीला ड की द, हा निवाडा अवकहड्याने केला असणार. क्रम इंग्रजांचा, अक्षरं पंचांगाची.

यावर आक्षेप आहेत आणि ते कच्चे नाहीत. कॅप्टन, कंपनी, कलेक्टर हे शब्द मराठीत कने आले आणि डॉक्टर डने, तेव्हा क आणि ड निवडायला पंचांग कशाला हवं? दुसरा आक्षेप, मराठी माणूस व आणि बची गल्लत करत नाही; मराठी पंचांग अवकहडाच छापतं. तिसरा, डनंतर अवकहड्यात मटपरत येतं, इफ नव्हे. तिसऱ्याला उत्तर सोपं: क्रम इंग्रजांचा, हे मी मान्यच केलं आहे. दुसरा जरा जड जातो. पण ब तर बीवरून येणारच होता, पंचांगाची मदत लागली ती फक्त क आणि डला. पहिला आक्षेप मात्र खरा. तरी सर्कल, सेंटर, सिव्हिल हे शब्दही त्याच काळातले, आणि भूमितीच्या पुस्तकात कॅप्टनपेक्षा सर्कलच जास्त वेळा भेटतं. अशा अटीतटीत जिभेवरचं जुनं वळण जिंकतं, असं मी धरून चालतो.

हिंदीतल्या दबद्दलही मला मोह होतो. हिंदीतही डॉक्टरला ड लागतो, मग डीला द कसा? तिकडच्या मुनश्यांच्या फारसी शिक्षणात अब्जद मुरलेलं होतं. अलिफ, बे, जीम, दाल. तो दाल तर हा द नव्हे? तसं असेल तर अबसद हे अर्धं लंडनचं आणि अर्धं बगदादचं. यावर मात्र मी पैज लावणार नाही.

पण पहिल्या उपपत्तीचा निकाल लावता येईल. ज्यांच्या माळ्यावर पणजोबांच्या वेळची मराठी भूमितीची पुस्तकं, त्यातही शिळाप्रेसवर छापलेली, पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडावीत आणि पहिल्या त्रिकोणाचं तिसरं अक्षर पाहावं. सगळीकडे क निघाला तर माझं म्हणणं टिकलं. सुरुवातीच्या पुस्तकांत स असेल आणि क मागाहून आला असेल, तर पंचांगाची सगळी कथा गुंडाळून ठेवायची.