पुस्तकं वाटणाऱ्याची झाडाझडती

आत्याने झापलं. तशी ती मला लहानपणापासून झापत आलीय, पण या वेळी भरल्या मांडवात, पंगत वाढली जात असताना, आणि तेही पुस्तकांवरून.

माझा हा उद्योग घरच्या मंडळींना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. लग्न, मुंज, बारसं, काहीही असो, आहेराच्या पाकिटाऐवजी मी पुस्तक देतो. इतरांनीही द्यावं म्हणून मागे लागतो. शिवाय ओळखीच्यांच्या घरातून पुस्तकं गोळा करतो आणि गाडीच्या डिकीत टाकून खेड्यातल्या शाळांना नेऊन देतो. संस्था नाही, पावती नाही, सगळा रविवारचा कारभार. लोक कौतुक करतात. खोटं कशाला बोला, ते मला आवडतं.

तर आत्या. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिच्या सासरच्या गावातल्या शाळेला मी गेल्या वर्षी दोन पोती पुस्तकं दिली होती. ती सहज तिकडे डोकावली, तर पुस्तकं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली गुरुजींकडे आणि गुरुजी कसल्याशा प्रशिक्षणाला. दुसऱ्या दिवशी किल्ली मिळवून तिने कपाट उघडलं (आत्या ती आत्याच). आत काय होतं? उलटून गेलेल्या वर्षाच्या तीन डायऱ्या, प्राप्तिकराचं गाईड, शेअरबाजारावरचं एक जाडजूड पुस्तक, आणि उंदरांनी कुरतडलेलं बरंच काही.

"अरे, तू ही पुस्तकं पोरांना देतोस, की लोकांची रद्दी पोहोचवतोस?" इथवर ठीक होतं. पुढचं लागलं. "खरं सांग, हे पोरांसाठी चाललंय की तुझ्यासाठी?"

शेजारचे दोघे हसले. मी जिलबीकडे बघत बसलो.

दोन-तीन दिवस घुश्श्यात गेले. मग ठरवलं, हिला पुराव्यानिशी उत्तर द्यायचं. इतिहास वाचायची आवड आहेच. म्हटलं, पुस्तक देण्याची परंपरा केवढी जुनी आहे ते दाखवून देऊ.

पहिला साक्षीदार देवगिरीचा. हेमाडपंत म्हटलं की आपल्याला चुना न वापरता बांधलेली देवळं नाहीतर मोडी लिपी आठवते. पण तेराव्या शतकातल्या, यादवांच्या या मंत्र्याचं खरं काम म्हणजे 'चतुर्वर्गचिंतामणि' हा अवाढव्य ग्रंथ. त्यात दानखंड नावाचा एक अख्खा भाग आहे. गाय, भूमी आणि विद्या ही सगळ्यात थोर दानं मानली जात, आणि विद्यादान म्हणजे पुष्कळदा चक्क पोथीचं दान. चांगला लेखक बसवून पोथी उतरवून घ्यायची, वस्त्रात गुंडाळायची, पूजा करायची, वाजतगाजत न्यायची आणि द्यायची. वाचून मी खूश! सातशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातला माणूस माझ्या बाजूने उभा.

पण पुढे वाचत गेलो तसा उत्साह ओसरला. पोथीतल्या अक्षरांच्या हिशेबाने स्वर्गातली वर्षं मोजणारी वचनंही याच दानसाहित्यात भेटतात. ती वर्षं कुणाला? देणाऱ्याला. घेणाऱ्याने पोथी वाचली की फडताळात ठेवली, त्याने पुण्यात फरक पडत नाही. म्हणजे आत्याचाच प्रश्न, फक्त संस्कृतात.

दुसरी साक्षीदार अत्तिमब्बे. दहाव्या शतकातली, कल्याणच्या चालुक्यांच्या राज्यातली ही जैन स्त्री. पोन्न कवीच्या 'शांतिपुराण' या कन्नड काव्याच्या एक हजार प्रती तिने स्वखर्चाने करवून वाटल्या, अशी तिची कीर्ती आहे. एक हजार! ताडपत्रावर, हाताने, एकेक अक्षर कोरून. किती जणांचे हात आणि डोळे त्यात गेले असतील! या हजारातल्या किती वाचल्या गेल्या, कुणास ठाऊक. पण हाताने लिहिण्याच्या काळात एखाद-दुसरी प्रत आगीत किंवा वाळवीत गेली की ग्रंथच संपायचा. हजार ठिकाणी ठेवलेला ग्रंथ असा सहजी मरत नाही. तेव्हा न वाचता पडून राहिलेली प्रतही काम करत होती, हे मला आत्याला ऐकवायचं होतं. फक्त उलटलेल्या वर्षाची डायरी तीन ठिकाणी जपून कुणाचं भलं होणार, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग हुकमी पान काढलं. कृष्णराव अर्जुन केळुसकर.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मुंबईतल्या चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसलेला असे. विल्सन हायस्कुलातले शिक्षक केळुसकर तिथे येत. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढली, ते त्याला पुस्तकं देऊ लागले. पुढे मुलगा परीक्षा पास झाला म्हणून सत्काराची सभा झाली, आणि केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

कोणती परीक्षा, यावर मात्र घोळ आहे. धनंजय कीर यांच्या चरित्रात ती १९०७ सालची मॅट्रिक आहे आणि सभेचे अध्यक्ष सी. के. बोले आहेत. खुद्द बाबासाहेबांनी १९५६ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथी म्हटलंय, आणि अध्यक्ष केळुसकरच. ती प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नव्हती. पन्नासेक वर्षांनी आठवताना परीक्षा इकडची तिकडे झाली असेल. पुस्तक मात्र पक्कं आठवतंय. त्याच प्रस्तावनेत ते सांगतात की वडिलांनी आधी या सत्काराला साफ नकार दिला होता, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. केळुसकरांनी मध्यस्थी केली तेव्हा कुठे सभा झाली. आणि भेट मिळालेलं पुस्तक वाचून मुलाने काय केलं? वडिलांनाच जाब विचारला, की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला का लावता?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं ते या एका पुस्तकामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. मधे १९२७ चं महाड आहे, १९३५ चं येवला आहे, एका माणसाचं सगळं जगणं आणि अभ्यास आहे. पण त्या भेटीची आठवण त्यांनी शेवटच्या वर्षी, शेवटच्या पुस्तकासाठी लिहून ठेवली, एवढं खरं.

फोन लावला. आत्याला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "केळुसकर त्या पोराला ओळखत होते रे. तू त्या शाळेतल्या एका पोराचं नाव सांग."

मला एकही नाव सांगता येईना.

फोन ठेवल्यावर कीर पुन्हा काढले. केळुसकरांचं देणं त्या सभेत संपलेलं नाही. इंटरनंतर घरची ओढाताण झाली तेव्हा तेच भीमरावांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. बुद्धचरित्र ही या वर्षानुवर्षांच्या ओळखीतली एक भेट. आणि ज्यांच्याकडे मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं ते वडील, रामजी. पोराने पुस्तक मागितलं आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. पोराने मागितलेलं पुस्तक. मी आजवर देणाऱ्याच्या घरात नको असलेलं पुस्तक वाटत होतो.

मागच्या शनिवारी शाळेत गेलो. आत्या बरोबर होती, नसती तरच नवल. जवळजवळ एक पोतं परत डिकीत भरलं, ते रद्दीवाल्याकडे गेलं. गुरुजी बिचारे भले निघाले. पुस्तकं हरवली तर जबाबदारी आपल्यावर येईल म्हणून कुलूप होतं. आता किल्ली सातवीच्या मुलांकडे आहे. मग मी वही काढून पोरांना विचारलं, काय हवंय? पहिले ते नुसते हसले. मग एकाला सापांवरचं हवं होतं, एकाला मोटार दुरुस्तीचं (चौथीतला आहे!), दोघींना चित्रं काढायचं.

निघताना एक मुलगी मागे मागे आली. कुलूप लागायच्या आधी तिने माझ्या पोत्यातला एक फास्टर फेणे घरी नेला होता. शेवटची सोळा पानं नव्हती.

"काका, पुढे काय झालं?"

मलाही आठवेना. आत्याकडे बघितलं, तर तिलाही आठवेना! नवीन प्रत मागवलीय, या आठवड्यात यायला हवी. मुलीचं नाव वहीत पहिलं लिहिलंय.