ईस्टरची मुंबईवारी

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले शेजारी तालुके, पण मुंबईला जायचं म्हटलं की दोघांची वाट निराळी. रेल्वे १८५४ साली कल्याणला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोचली. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूरकडची गावं अशी रुळावर आली. मुरबाडकरानं मात्र आधी एस.टी.नं कल्याण गाठायचं, मग लोकल धरायची. आमच्याकडची मूठभर ख्रिस्ती माणसं ईस्टरला या दोन्ही वाटांनी मुंबईला जायची आणि कल्याणच्या फलाटावर एकमेकांना भेटायची.

खेड्यात राहणाऱ्या मिशनऱ्याचं जिणं आरामाचं असतं असा पुष्कळांचा समज. मराठी मुलखातला पहिला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला. मराठी शिकला, शाळा काढल्या. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिककडे दौऱ्यावर गेला, तर तिथे पटकीची साथ. जवळची औषधं त्यानं लोकांना वाटली आणि २० मार्चला वाटेतच स्वतः पटकीनं गेला. जवळ त्याच्या देशाचं कोणी नव्हतं. त्या वर्षी ईस्टर होता २६ मार्चला.

पुढे मिशनऱ्यांच्या जागी आपलेच मराठी पाळक आले, पण एकटेपण तेच राहिलं. वाडीत चार घरं ख्रिस्ती. गाणं म्हणायला आठ गळे, त्यातले दोन खोकणारे. अशा माणसांना वर्षातून एकदा तरी भरलेल्या देवळात उभं राहावंसं वाटतं. मंडळीच्या भाषेत याला ‘सहभागिता’ म्हणतात. आमच्या म्हाताऱ्या सरळ म्हणायच्या, “आपली माणसं बघून येऊ.”

ईस्टरचा दिवस चंद्रावरून ठरतो हे आमच्या लोकांना लगेच कळायचं. २१ मार्च किंवा त्यानंतरची पुनव, आणि तिच्या पुढचा रविवार. म्हणजे बहुतेक चैत्री पुनवेच्या आसपास. आमच्याकडे हे दिवस रिकामे. भात कधीच झोडून झालेलं, विहिरी तळाला गेलेल्या. कातकरी कुटुंबं तर दिवाळीनंतरच भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर गेलेली. ती पावसाच्या तोंडावर परतणार. त्यामुळे ईस्टरला गावातल्या माणसांना भेटायचं तरी शहराच्याच दिशेनं जावं लागे.

एका वर्षी मीही पाळकांच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो. उपासना पहाटेची, म्हणून आदल्या रात्रीच मुक्काम. अंधारात पेटी, तबला, टाळ सुरू झाले आणि आमच्या बायांचे आवाज सगळ्यांच्या वर चढले. ही गाणी भजनाच्या चालीवर, म्हणून त्यांना सोपी. ही वाट रुंद केली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांची बालपणीची काही वर्षं आमच्या कल्याणात गेली. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिशनमध्ये कोण साहेब आणि कोण नोकर, हा भेद त्यांना सलत राहिला. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांनी मुंबईतच ते वारले.

टिळकांना सललेलं मला त्या दिवशी जेवणाच्या वेळी दिसलं. प्रभुभोजनात सगळे एका रांगेत होते. बाहेर मंडपात मात्र शहरातली मंडळी खुर्च्यांवर आणि आमची सतरंजीवर. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, आपसूक झालं होतं. आमच्यातल्या एका कातकरी बाईनं नळाचं पाणी पेल्यात घेतलं, चव घेतली आणि मोठ्यानं विचारलं, “ह्ये पानी आमच्या तानशाचंच ना?”

मंडपात हशा पिकला. पण ती थट्टा करत नव्हती. तानसा तलाव शहापूर तालुक्यातला, १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. पुढे वैतरणा आणि भातसाही आले. आणि त्याच तालुक्यातल्या वाड्यांवरच्या बाया चैत्र-वैशाखात हंडे घेऊन मैल मैल चालतात, टँकरची वाट बघतात. हसणं थांबल्यावर खुर्चीवरची एक आजी उठली, आपलं ताट घेऊन सतरंजीवर त्या बाईशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “व्हय गं माये, तुमचंच पितो आम्ही. विहीर किती लांब तुझी?” मग दोघी बराच वेळ विहिरीवर, हंड्यांवर, सुनांवर बोलत राहिल्या. हळूहळू आणखी चार-सहा ताटं खाली आली.

त्यानं पाण्याचा प्रश्न सुटला नाही. सतरंजीवर बसल्यानं तो सुटतही नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या मंडळीतली काही माणसं आमच्या वाडीवर आली आणि विहिरीतला गाळ उपसायला दोन दिवस आमच्या बरोबरीनं राबली. तोवर ईस्टरला आम्हीच शहरात जायचो. शहर आमच्याकडे आलं ते तेव्हा पहिल्यांदा.