मोहफुलांचा वाटेकरी

नवेगावच्या जंगलाकडच्या आमच्या भागात वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुधा वाट सोडतो. अस्वलाचं तसं नाही. त्याला दिसतं कमी, ऐकूही बेताचंच येतं. सारा कारभार नाकावर. वारूळ फोडून वाळवी ओढताना ते इतकं गुंग होतं, की माणूस अगदी जवळ आला तरी पत्ता नसतो. मग दचकतं आणि अंगावर येतं. पहिला पंजा तोंडावर, डोक्यावर. पिल्लं पाठीवर असली तर विचारूच नका.

आमची आजी मोह वेचायला निघताना बजावायची, "आवाज करत चाल, बाबू. ते दचकलं का संपलं."

मार्च-एप्रिलात मोहफुलं रात्री गळतात. ती वेचायची पहाटे, आणि अस्वलाची खाण्याची वेळही तीच. एकाच झाडाखाली दोघंही भुकेले. म्हणून बायका घोळक्यानं जायच्या, मोठ्यानं बोलत, टोपल्या वाजवत. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायचे. त्याच आगीनं पुढं कितीदा रान पेटायचं.

इंग्रजी अमलात हिंस्र जनावरं मारली की सरकार बक्षीस देई. त्यांत अस्वलही होतं. दुसरीकडं दरवेशी तेच अस्वल नाकात वेसण घालून गावोगाव नाचवत. ज्याच्या भीतीनं बाया घोळक्यानं रानात जायच्या, त्याच्याच पाठीवर पोराला बसवून त्याची भीती घालवायच्या. केसाचा ताईत पोराच्या गळ्यात पडायचा. ते अस्वल बहुतेक वेळा आई मारून पळवलेलं पिल्लू असायचं, हे बघणाऱ्याच्या मनातही यायचं नाही.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण दिलं. 1998 मध्ये अस्वलांचे खेळ करायला बंदी आली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत दरवेशाचं अस्वल रस्त्यावरून गेलं. नवेगाव 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 मध्ये नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प. अस्वल वाचलं, चांगलं झालं.

पण मोह वेचणारी बाई आजही पहाटे तिथंच जाते. हौसेनं नाही, उन्हाळ्यात शेतात काम नसतं, आणि वाळवलेला मोह विकून हाती पैसा येतो. जखमी झाली तर सरकारी भरपाई आहे, पण फाटलेला चेहरा घेऊन तिला पुन्हा बाजारात बसायचं असतं. शहरातली माणसं विचारतात, "मग जंगलात जाता कशाला?" तिनं काय सांगावं?

जुन्या बायांनी अस्वलाला कधी वैरी म्हटलं नाही. त्या त्याला वाटेकरी म्हणायच्या. वाटेकऱ्याशी भांडण होतं, पण त्याचा हिस्सा कुणी नाकारत नाही. आता हिशेब एवढाच उरलाय, की त्या वाट्याची किंमत एकट्या वेचणारीनं किती दिवस मोजायची.