दस्तऐवजातील घटकांना आधी नाव, मग रूप

नवी दिल्ली : शासकीय पुस्तिकेत शीर्षक ठळक आणि इशारा लाल अक्षरांत असला, की डोळस वाचक दोन्ही ओळखतो. दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला मात्र केवळ ठळकपणा वा रंगावरून शीर्षक कळत नाही. त्यासाठी प्रत्येक घटकावर त्याच्या कार्यानुसार ‘शीर्षक’, ‘टीप’, ‘इशारा’ अशी खूण करावी लागते. संरचित तांत्रिक लेखनाचे हेच मूलतत्त्व आहे.

या पद्धतीत लेखक केवळ खूण करतो. अक्षराचा आकार, रंग वा चौकट स्वतंत्र शैलीपत्रक ठरवते. त्यामुळे एकाच मजकुरातून छापील पुस्तिका, संकेतस्थळ आणि ब्रेल प्रत तयार करता येते. अशा खुणांच्या ‘एसजीएमएल’ भाषेला १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ‘एक्सएमएल’ १९९८ मध्ये आली. तांत्रिक पुस्तिकांसाठीचे ‘डिटा’ मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकाच प्रकारच्या दोन घटकांना वेगळे रूप हवे असल्यास ‘आउटपुटक्लास’ हा गुणधर्म जोडतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क नियम, २०१७ नुसार संकेतस्थळांवरील दस्तऐवज ‘ईपब’ किंवा अक्षर-ओळख केलेल्या ‘पीडीएफ’ स्वरूपात अपेक्षित होते. मात्र अक्षर-ओळखीने मजकूर मिळाला, तरी रचना मिळेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी प्रकरणात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा असू शकत नाहीत, असे स्पष्ट करून बंधनकारक नियम आखण्याचे निर्देश केंद्राला दिले. घटकांवरील खुणा त्यामुळे सजावटीपुरत्या राहत नाहीत. त्या वाचनाच्या हक्काशी निगडित ठरतात.